सेंट लुईसचे रेसिडेंट आणि सहा महिन्यांनंतरची परीक्षा

मेडिकल कॉलेजच्या विभागात पदव्युत्तर (पीजी) विद्यार्थ्यांसाठी दर आठवड्याला क्विझ ठेवायची का, हा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन वाक्यांत आटोपते. एक जण म्हणतो, "मुलं आधीच दमलेली असतात, त्यात आणखी परीक्षा कशाला?" दुसरा म्हणतो, "परीक्षा असल्याशिवाय मुलं पुस्तक उघडत नाहीत." दोघांच्याही डोक्यात क्विझ म्हणजे धाकच असतो, एकाला तो नको असतो, दुसऱ्याला हवा असतो. पण धाक बाजूला ठेवला तरी क्विझ स्वतःच काही शिकवते का? हे नीट तपासलेलं एक प्रकरण अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातलं आहे. प्रयोग तसा छोटा, पण पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी बारकाईने पाहावा असा.

सेंट लुईसमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. (राजधानीशी किंवा सिअ‍ॅटलच्या विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही, हा घोळ नेहमी होतो.) तिथले बालमेंदूविकारतज्ज्ञ डग्लस लार्सन यांनी अँड्र्यू बटलर आणि हेन्री रोडिगर या दोन मानसशास्त्रज्ञांना सोबत घेतलं आणि बालरोग व इमर्जन्सी मेडिसिन या विभागांतल्या रेसिडेंट डॉक्टरांवर, म्हणजे आपल्याकडच्या निवासी पीजी डॉक्टरांसारख्यांवर, हा प्रयोग केला. 2009 साली 'मेडिकल एज्युकेशन' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. प्रश्न सरळ होता. एखादा विषय शिकवून झाला की रेसिडेंटने त्याच्या नोट्स पुन्हा वाचाव्यात, की त्यावर छोटी चाचणी द्यावी? सहा महिन्यांनी कोणाच्या डोक्यात जास्त उरलेलं असेल?

तिथली परिस्थिती आपल्याला अनोळखी नाही. अमेरिकेतही बालरोगाची रेसिडेन्सी तीन वर्षांची. ती संपल्यावर अमेरिकन बोर्ड ऑफ पेडियाट्रिक्सची सर्टिफिकेशन परीक्षा, आणि दरम्यान दरवर्षी एक इन-ट्रेनिंग परीक्षा, म्हणजे आपण कुठवर आलोय ते रेसिडेंटला कळावं. 2003 पासून तिथे कामाच्या तासांवर आठवड्याला 80 ची मर्यादा आहे. आपल्याकडे 1992 च्या केंद्रीय निर्देशांत 48 तास लिहिलेले आहेत. ते वाचून कोणत्याही निवासी डॉक्टरला हसू येईल. पण 80 तासांतही माणूस पुरता पिळून निघतो. शिकवणं बहुतेक वेळा तासाभराच्या व्याख्यानातून होतं. समोर जेवणाचा डबा, कमरेला पेजर, आणि निम्मी मंडळी आदल्या रात्रीच्या ड्युटीवरून आलेली. व्याख्यान चांगलं होतं, स्लाइड छान असतात, आणि पुढच्या महिन्यात त्याच विषयाचा पेशंट आला की कोणालाच काही आठवत नाही.

लार्सन यांनी आपल्या विषयातले दोन आजार घेतले: स्टेटस एपिलेप्टिकस, म्हणजे न थांबणारा फिटचा झटका, आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा आजार. दोन्हींवर रेसिडेंटांना शिकवलं, तेही प्रश्नोत्तरं करत, नुसतं व्याख्यान झोडून नव्हे. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. पहिल्या गटाने स्टेटसवर चाचणी द्यायची आणि मायस्थेनियाच्या उजळणीचं पान वाचायचं; दुसऱ्या गटाने बरोबर उलट. पानावर चाचणीतलीच माहिती होती. हे तीन वेळा झालं: शिकवल्यावर लगेच, आणि पुढे साधारण दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने आणखी दोनदा. प्रत्येक चाचणीनंतर बरोबर उत्तरं सांगितली जात. त्यानंतर सारं शांत. सुमारे सहा महिने उलटल्यावर दोन्ही आजारांवर अखेरची चाचणी.

या रचनेत एक शहाणपण आहे. एका गटाला चाचणी आणि दुसऱ्याला नुसतं वाचन असं केलं असतं, तर "तो गट मुळातच हुशार होता" म्हणायला जागा राहिली असती. दोन्ही आजारांवर सगळ्यांनी चाचणी दिली असती, तर तुलनेला काहीच उरलं नसतं. इथे प्रत्येक रेसिडेंटची तुलना स्वतःशीच होते: एका आजारावर त्याने चाचणी दिली, दुसऱ्याचं वाचन केलं. स्टेटस सोपा आणि मायस्थेनिया अवघड असा फरक असेल तर तोही उलट्या गटामुळे निघून जातो. आणि कोणालाही "तुला शिकवणार नाही" असं म्हणावं लागलेलं नाही. आपल्याकडे पीजीच्या प्रबंधाला विषय शोधत फिरणाऱ्यांनी ही रचना उचलावी. खर्च जवळजवळ शून्य, आणि एथिक्स कमिटीलाही फारशी हरकत नसावी.

पान आणि प्रश्न

चाचणी आणि उजळणीचं पान यांत नेमका फरक काय, हे उदाहरणाशिवाय कळत नाही. खालचं उदाहरण मी केलेलं आहे, सेंट लुईसच्या प्रश्नपत्रिकेतलं नाही.

पानावर असं लिहिलेलं असेल: झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला की स्टेटस समजून उपचार सुरू करावेत. पहिलं औषध लोराझेपाम, दर किलोला 0.1 मिलिग्रॅम, शिरेतून, एका डोसला जास्तीत जास्त 4 मिलिग्रॅम. शीर मिळत नसेल तर मिडाझोलाम नाकातून, दर किलोला 0.2 मिलिग्रॅम. सोबत रक्तातली साखर तपासावी.

रेसिडेंट हे वाचतो. "हो, माहितीय" म्हणतो. पान उलटतो.

आता चाचणीतला प्रश्न. दोन वर्षांची मुलगी, वजन 12 किलो, तालुक्याच्या दवाखान्यातून जीपने आणलेली. वीस मिनिटं झटका सुरू आहे. दोन सिस्टरांनी प्रयत्न केला, शीर मिळत नाही. तुम्ही काय द्याल, कुठून, किती? आणि तोवर बाजूला उभ्या असलेल्या इंटर्नला काय करायला सांगाल?

पर्याय नाहीत, कोरी जागा आहे. ज्याने पान तीनदा वाचलंय तो बहुधा "लोराझेपाम" लिहील आणि तिथेच अडेल, कारण पानावर त्याची नजर त्या ओळीवर सर्वांत जास्त थांबलेली असते. मिडाझोलाम आठवलं तरी 0.2 की 0.1? बारा किलोला 2.4 मिलिग्रॅम हा हिशेब त्याने कधी हाताने केलेलाच नाही. ग्लुकोमीटर तर शंभरातल्या कितीतरी जणांकडून सुटतं. उत्तर चुकलं की ते डाचतं. लगेच बरोबर उत्तर कळतं. दोन आठवड्यांनी तोच प्रश्न परत येतो, आणि या वेळी 2.4 हा आकडा त्याला आतून ओढून काढावा लागतो.

39 आणि 26

सहा महिन्यांनी ज्या आजारावर चाचण्या दिल्या होत्या त्यात सरासरी 39 टक्के गुण मिळाले. ज्याचं पान वाचलं होतं त्यात 26. वेळ तेवढाच, माहिती तीच, माणसंही तीच. 13 गुणांचा फरक. म्हणजे नुसतं वाचून जेवढं टिकलं, त्याच्या दीडपट चाचणीने टिकलं.

या प्रयोगाचा दाखला देणारे बहुतेक जण इथे थांबतात आणि चाचणीचा जयजयकार करतात. मला मात्र 39 हा आकडा जास्त बोलका वाटतो. नीट शिकवलं, महिन्याभरात तीनदा चाचणी घेतली, दर वेळी उत्तरं समजावून सांगितली, आणि तरीही सहा महिन्यांनी साठ टक्क्यांहून जास्त गेलेलं होतं. आपल्याकडची 50 टक्क्यांची पासाची रेघ लावली तर दोन्ही बाजू नापास. हे रेसिडेंट ढ नव्हते. अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठात जागा मिळवून आलेली ही मंडळी. मग हे विसरणं आलं कुठून? तिसऱ्या चाचणीनंतरच्या पाच महिन्यांच्या शांततेतून. त्या काळात कोणी काही विचारलं नाही. ज्याच्या ड्युटीत स्टेटसचा पेशंट आला, त्याचं टिकलं असेल. मायस्थेनिया तर बालरोगाच्या वॉर्डात वर्षाकाठी किती वेळा दिसणार?

म्हणून या प्रकरणातून मी काढतो ती गोष्ट क्विझ ठेवावी की नाही ही नाही. ठेवावीच. पण विषय संपल्यावर एकदा क्विझ घेऊन तो बंद करणं, जे आपल्याकडे सर्रास होतं, त्यातून जवळजवळ काही मिळत नाही. गुरुवारी सेमिनार, सेमिनारच्या शेवटी दहा प्रश्न, गुण वहीत, पुढच्या गुरुवारी नवा विषय. त्या दहा प्रश्नांतून कळतं ते इतकंच, की मुलगा त्या तासाला जागा होता. जुना विषय पुन्हा पुन्हा वर आला पाहिजे, आणि परीक्षेच्या महिन्यापर्यंत येत राहिला पाहिजे.

वाचलेलं जास्त खरं का वाटतं

रोडिगर यांनी जेफ्री कार्पिके यांच्यासोबत 2006 साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. मुलांना छोटे उतारे दिले. एका गटाने तोच उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग तीन वेळा, उतारा समोर न ठेवता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते: 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने चित्र पालटलं: वाचणारे 40 वर आले, लिहून काढणारे 61 वर. आणि "तुम्हाला हे किती लक्षात राहील?" असं पहिल्या दिवशी अभ्यास संपताच विचारलं होतं तेव्हा जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांना.

इथे व्यवस्थापनाची खरी अडचण आहे. क्विझ सुरू करा आणि महिन्याभराने रेसिडेंटांकडून फीडबॅक फॉर्म भरून घ्या. फार उत्साह दिसणार नाही. दहापैकी चार बरोबर आल्यावर कोणाला छान वाटतं? त्याऐवजी सरांनी सुंदर पीपीटी पाठवली, ती रात्री चाळली, सगळं ओळखीचं वाटलं, मन शांत झालं. फॉर्मवर पीपीटीला पाच तारे आणि क्विझला दोन. विभागप्रमुखांनी त्या ताऱ्यांवर निर्णय घेतला तर क्विझ तिसऱ्या महिन्यात बंद पडते. ती चालवायची की नाही हे रेसिडेंटच्या समाधानावर ठरवू नये. महिन्या-दोन महिन्यांनी परत विचारलेल्या जुन्या प्रश्नांना काय उत्तरं येतात, त्यावर ठरवावं.

या प्रयोगाला मर्यादा आहेत. संस्था एक, आजार दोन, रेसिडेंट थोडे. चाचणी लेखी. चाचण्या देणारे पुढे बोर्डाच्या परीक्षेत जास्त संख्येने पास झाले का, हे त्यात मोजलेलंच नाही. आणि कागदावर डोस लिहिणारा डॉक्टर पेशंटसमोर तो देईलच का, हा प्रश्न तर उरतोच. लार्सन यांनाही तो पडला. 2013 साली त्यांच्या गटाने वैद्यकीय विद्यार्थ्यांवर पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येकाला तीन विषय होते: एकाची चाचणी कागदावर, एकाची पेशंटची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित माणसासमोर, एकाचं नुसतं वाचन. सहा महिन्यांनी अशाच भूमिका करणाऱ्या माणसासमोर उभं केलं तेव्हा ज्या विषयाची चाचणी पेशंटसमोर झाली होती, त्यात कामगिरी सर्वांत चांगली होती. म्हणजे ज्या रूपात शेवटी उत्तर द्यायचंय त्या रूपात सराव हवा.

बोर्डांनीही यातून काही उचललं. अमेरिकेच्या भूलशास्त्र बोर्डाने आधीच सर्टिफिकेट मिळवलेल्या डॉक्टरांसाठीची दहा वर्षांनी एकदा होणारी परीक्षा 2016 मध्ये काढून टाकली आणि तिच्या जागी दर तिमाहीला 30 प्रश्न ठेवले. एका प्रश्नाला एक मिनिट, लगेच उत्तर आणि स्पष्टीकरण. मेडिसिनच्या बोर्डानेही 2022 पासून तिमाहीला 30 प्रश्नांचा पर्याय दिला.

आपल्याकडे घोडं कुठे अडतं

आपला पीजी विद्यार्थी क्विझला नवखा नसतो, उलट तिच्यात मुरलेला असतो. नीट-पीजी या प्रवेश परीक्षेत 200 बहुपर्यायी प्रश्न, बरोबरला चार, चुकीला उणे एक. इंटर्नशिपचं वर्ष मॅरो नाहीतर प्रेपलॅडर या अ‍ॅपच्या प्रश्नसंचावर गेलेलं असतं. हॉस्टेलच्या खोलीत रात्री दीड वाजता "आज पन्नास झाले" असे हिशेब चालतात. आणि सीट मिळाली की हे सगळं एका झटक्यात बंद. ज्या सवयीने तो इथवर आला, ती सवय रेसिडेन्सीच्या पहिल्याच आठवड्यात तो मागे टाकतो. तीन वर्षं वॉर्ड, प्रबंध, सेमिनार. आणि शेवटचे दोन महिने रजा टाकून पुन्हा पाठांतर.

नुसतं बंद होणं हीच अडचण नाही. अंतिम परीक्षेचं रूपही वेगळं आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची एमडी असो की राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी, थिअरीचे चार पेपर, प्रत्येकी 100 गुण, आणि उत्तरं हाताने लिहायची. तिथे चार पर्याय समोर नसतात. पर्याय पाहून बरोबर उत्तर ओळखणं आणि कोऱ्या कागदावर ते आठवून लिहिणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सेंट लुईसच्या निकालामागेही हेच आहे: फायदा आठवून काढण्याच्या कष्टातून येतो. म्हणून पीजीसाठी गूगल फॉर्मवर चार पर्यायांची क्विझ बनवणं सोपं असलं, तरी ती अर्धीच कामाची. तपासायला सोपी म्हणून आपण ती निवडतो, हे मान्य करू. पण निदान निम्मे प्रश्न तरी कोऱ्या जागेचे हवेत: डोस लिहा, तीन कारणं लिहा, पुढची तपासणी कोणती आणि का.

डीएनबीला वर्षातून एकदा होणारी फॉर्मेटिव्ह असेसमेंट टेस्ट आहे. हेतू चांगला. पण वर्षातून एकदाच्या परीक्षेतून काय येत नाही ते कळतं. जे येत नाही ते त्यातून डोक्यात बसत नाही. ते काम विभागालाच करावं लागतं.

करायचं झालं तर मी सोमवारच्या राऊंडआधीची दहा मिनिटं घेईन. सहा प्रश्न, कागदावर. दोन गेल्या आठवड्याच्या विषयातले, दोन गेल्या महिन्यातले, दोन त्याही मागचे, आणि त्यातही जे मागच्या वेळी बहुतेकांचे चुकले होते ते आधी. शेजाऱ्याचा कागद शेजाऱ्याने तपासायचा, उत्तरं तिथल्या तिथे. नाईटवरून उतरलेल्याला सूट नाही. पण त्याच्या चुकलेल्या उत्तरांचं कोणी भांडवलही करायचं नाही. आणि गुण कुठल्याही वहीत चढवायचे नाहीत, हे सगळ्यांत महत्त्वाचं. ते इंटर्नल असेसमेंटला जोडले की दुसऱ्या आठवड्यापासून प्रश्न आदल्या रात्री वॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात, कोणीतरी सिनिअर फुटलेला पेपर जेआर-वनला (पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला) देतो, आणि क्विझचं काम सोडून बाकी सगळं सुरू होतं. "सर, मग आम्ही सिरियसली का घेऊ?" असं एखादा विचारेल. घेईल. आपल्या बाजूला बसलेल्या बॅचमेटला पोटॅशियमचा डोस येतो आणि आपल्याला येत नाही, हे सोमवारी सकाळी सात माणसांसमोर कळणं पुरेसं असतं.

प्रश्न कोण लिहिणार, हा शेवटचा अडसर. सगळे लेक्चररवर टाकले तर दिवाळीनंतर प्रश्न येणं थांबतं. जेआर-टूने लिहावेत, लेक्चररने तपासावेत. बाजारातल्या प्रश्नसंचातून उचललेत तर एक धोका आहे, आणि स्टेटस एपिलेप्टिकसचंच उदाहरण त्याला चपखल बसतं. एके काळी व्याख्येत 30 मिनिटं होती. आता उपचारासाठी पाच धरतात. दुसऱ्या टप्प्याचं औषध विचारलं की जुन्या संचात उत्तर एकच: फेनिटॉइन. 2019 च्या नोव्हेंबरात ईसेट या क्लिनिकल ट्रायलचे निष्कर्ष आले. लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅलप्रोएट ही तिन्ही औषधं सारखीच ठरली. प्रत्येकाने साधारण निम्म्या पेशंटांचा झटका थांबवला. सेंट लुईसचे रेसिडेंट त्या वेळी जी उत्तरं पाठ करत होते, त्यातलं काही आज बदललेलं असेल. आणि वारंवार विचारलेलं चुकीचं उत्तरसुद्धा तितकंच घट्ट बसतं.

त्यामुळे प्रत्येक प्रश्नाखाली तो कोणी लिहिला, कधी लिहिला आणि कोणत्या मार्गदर्शक सूचनेवरून लिहिला, एवढी एक ओळ हवी. दोन वर्षांहून जुने प्रश्न नव्या बॅचच्या जेआर-वनकडे तपासायला द्यायचे. उत्तर अजून बरोबर आहे की नाही हे सांगण्यासाठी त्याला ते आधी स्वतः शोधून काढावं लागतं.